हळदीची दीप्ती आणि जिवंत पेशी

कृष्णा आणि वारणा यांच्यामधील वाळवे तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) शिवारात उसाबरोबर हळदही पिकते, आणि जिच्यामुळे सांगलीची पेठ देशभर नावारूपास आली, जी हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत साठविली जाई, त्या हळदीचा एक गुण अडत्यांच्या पारखीबाहेरचा होता.

हळदीतील पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, 1815 मध्ये वेगळे काढले गेले व त्याची रचना 1910 मध्ये उलगडली; दरम्यान 1852 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी एका वर्णाचा प्रकाश शोषून दुसऱ्या वर्णाचा प्रकाश देण्याच्या गुणास फ्लुओरेसन्स हे नाव दिले होते. कुर्क्युमिन निळा प्रकाश शोषते व हिरवट प्रकाश टाकते; अडत्यांच्या पारखीबाहेरचा तो गुण हाच, आणि तो जिवंत पेशींतही पाहता येतो.

जिवंत पेशी काचपात्रात जगविण्याची विद्या आपल्याकडे रुजली ती, माझ्या मते, मुख्यतः डॉ. कमल रणदिवे यांच्या निष्ठेमुळे; 1960 च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

अशा पेशींवर कुर्क्युमिनचे द्रावण घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तर वेगळा रंग न देताही त्यांच्या अंतर्भागात हिरवी आभा उमटते, आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक एकेका पातळ प्रतलाचे चित्र घेऊन ते द्रव्य नेमके कोठे पोहोचले हे दाखवितो. मात्र हीच आभा इतर रंगद्रव्यांच्या संकेतात मिसळते, शिवाय हे द्रव्य उदासीन द्रावणात लवकर विघटित होते; म्हणून केवळ कुर्क्युमिन दिलेल्या पेशींची स्वतंत्र तपासणी केल्यावाचून अशा चाचणीचा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.