बोवीची सुरी आणि तिचे संग्राहक

मनुष्यानें निर्माण केलेल्या हत्यारांत सुरीइतकें जुनें आणि सुरीइतकें घरगुती हत्यार दुसरें नाहीं. तरवार वीराच्या कमरेस शोभते, बंदूक शिपायाच्या खांद्यावर; सुरी मात्र स्वयंपाकघरांत, चांभाराच्या दुकानांत, माळ्याच्या बागेंत आणि शल्यवैद्याच्या पेटींत सारखीच नांदते. असें असतांही चित्रपटगृहाच्या अंधारांत जेव्हां एखाद्या साहसी नायकाच्या हातीं लांबरुंद पात्याची सुरी चमकते, तेव्हां प्रेक्षकांची दृष्टि नायकाइतकीच त्या सुरीवरही खिळून राहते. कांहीं प्रेक्षकांचें तर एवढ्यानें समाधान होत नाहीं. खेळ संपल्यावर ती सुरी कोणी घडविली, तिचें पातें किती इंचांचें, तशा किती घडविल्या आणि त्या आज कोणाजवळ आहेत, याचा शोध ते वर्षानुवर्षें करीत राहतात. आणि खरी वस्तु सांपडलीच तर तिच्यासाठीं मोठी रक्कम मोजावयास मागेंपुढें पाहत नाहींत. पोलादाच्या एका तुकड्यांत एवढें असतें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील एका सुरीच्या चरित्रांत सांपडतें. त्या सुरीचें नांव ‘बोवी’.

इ. स. १८२७ च्या सप्टेंबर महिन्याची १९ वी तारीख होती. मिसिसिपी नदीच्या पात्रांत, नॅचेझ गांवाजवळच्या वाळवंटांत सॅम्युएल वेल्स व डॉक्टर थॉमस मॅडॉक्स या दोन गृहस्थांचें पिस्तुलांचें द्वंद्वयुद्ध ठरलें होतें. दोघांनींही गोळ्या झाडल्या. एकही लागली नाहीं. दोघांनीं हस्तांदोलन केलें आणि त्यांच्यापुरतें प्रकरण मिटलें. परंतु सोबत आलेल्या मंडळींचीं जुनीं वैरें मिटलीं नव्हतीं. पाहतां पाहतां त्यांच्यांतच दंगल जुंपली. जेम्स बोवी हा त्या मंडळींपैकीं एक. त्यास गोळी लागली, डोक्यावर पिस्तुलाचा आघात झाला, आणि मेजर नॉरिस राइट यानें गुप्तीनें त्याच्या छातीवर वार केला. खालीं पडलेल्या बोवीनें राइटला आपल्याकडे ओढून घेतलें आणि जवळच्या मोठ्या सुरीनें त्याचा प्राण घेतला. एवढ्या जखमांतूनही बोवी वांचला. ही बातमी वृत्तपत्रांतून देशभर गेली, आणि माणसाबरोबर त्याची सुरीही प्रसिद्धीस चढली.

ती सुरी होती तरी कशी? १८३८ सालीं जेम्सचा वडील भाऊ रेझिन बोवी यानें एका वृत्तपत्रास पत्र लिहून तिचें वर्णन केलें. पहिली सुरी आपणच शिकारीच्या उपयोगासाठीं करविली, असें तो म्हणतो. तिचें पातें सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एका बाजूस धार असलेलें आणि सरळ होतें. त्यास वळण नव्हतें. रेझिननें पुढें आपल्या स्नेह्यांना भेट देण्यासाठीं फिलाडेल्फियाचा हेन्री शायव्हली आणि बॅटन रूझचा डॅनियल सर्ल्स यांसारख्या कुशल कारागिरांकडून सुऱ्या करवून घेतल्या. त्यांतील कांहीं आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्याही सरळ पाठीच्याच आहेत. रुप्याचें काम काढून टाकलें, तर त्या खाटकाच्या सुरीहून फारशा निराळ्या दिसणार नाहींत. पडद्यावर दिसणारी ती टोंकाकडे खोलगट कापलेली पाठ आणि मुठीपाशीं बसविलेली ती भक्कम आडवी पट्टी त्यांत नाहीं.

परंतु लोकांस वर्णनाची गरज नव्हती. नांव पुरेसें होतें. जो तो ‘बोवीसारखी सुरी’ मागूं लागला, आणि लोहार आपापल्या कल्पनेप्रमाणें ती घडवूं लागले. इंग्लंडांतील शेफील्ड शहरच्या कारखानदारांनीं ही संधि ओळखली. त्यांनीं हजारों मैलांवरून अमेरिकेंत सुऱ्या पाठविल्या, आणि गिऱ्हाइकाच्या अभिमानास रुचतील अशीं आवेशाचीं वाक्यें पात्यांवर कोरून दिलीं. पातें अमेरिकन वीराच्या नांवाचें, पोलाद मात्र विलायतेचें, असा तो चमत्कार होता.

या कीर्तीची दुसरी बाजू भीषण होती. १८३७ च्या डिसेंबरांत आर्कान्सॉ संस्थानच्या विधिमंडळांत, लांडगे मारल्याबद्दलच्या बक्षिसाच्या विधेयकावर चर्चा चालली असतां एका सभासदाचे शब्द अध्यक्षांस झोंबले. अध्यक्ष जॉन विल्सन आसनावरून उतरले. दोघांच्याही हातीं बोवी सुऱ्या आल्या. आणि सभासद जे. जे. अँथनी सभागृहांतच मरून पडले. विल्सन यांस सभागृहानें काढून टाकलें, पण न्यायालयानें सोडून दिलें. त्याच वर्षीं अलाबामानें अशा सुरीच्या विक्रीवर १०० डॉलरांचा जबर कर बसविला, आणि १८३८ मध्यें टेनेसीनें विक्रीच बंद केली. आज कांचेच्या कपाटांत मखमलीवर विसावलेल्या सुरीकडे पाहतांना तिच्या पूर्वजांचा हा इतिहास विसरतां येत नाहीं.

जेम्स बोवी स्वतः टेक्सासांत गेला, आणि ६ मार्च १८३६ रोजीं आलामोच्या वेढ्याच्या अखेरीस मारला गेला. त्या वेळीं तो आजारानें अंथरुणास खिळलेला होता. त्याच्याबरोबर त्याची सुरीही नाहींशी झाली. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या सुरीच्या नांवावर पुढें शेंकडों कारखाने चालले, जिच्यावर कायदे झाले, ती मूळची सुरी हीच, असें निर्विवादपणें ज्याविषयीं सांगतां येईल असें एकही पातें आज अस्तित्वांत नाहीं. वस्तु नाहींशी झाली म्हणजे तिच्या जागीं कथा वाढते.

अशा कथांपैकीं सर्वांत हृदयस्पर्शी कथा जेम्स ब्लॅक या लोहाराची. आर्कान्सॉमधील वॉशिंग्टन नांवाच्या लहानशा गांवीं त्याचें दुकान होतें. टेक्सासकडे जाणारे प्रवासी तेथूनच जात. बोवीनें त्याच्याकडे लांकडाचा नमुना दिला आणि ब्लॅकनें त्यावरून, शिवाय स्वतःच्या कल्पनेनें, अपूर्व सुरी घडविली, असें सांगतात. पोलादास पाणी देण्याची त्याची रीत गुप्त होती. पुढें तो आंधळा झाला आणि एका स्नेही कुटुंबाच्या आश्रयास राहिला. त्या घरांतील मुलगा डॅनियल वेब्स्टर जोन्स पुढें आर्कान्सॉचा गव्हर्नर झाला. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, १८७० सालीं वृद्ध ब्लॅकनें आपलें गुपित सांगावयाचें ठरविलें; कागद-लेखणी घेऊन जोन्स समोर बसला; आणि म्हाताऱ्याला कांहीं केल्या तें आठवेना. ब्लॅकनेंच ती सुरी केली, यास समकालीन पुरावा नाहीं. तथापि हातांतली विद्या सांगण्यापूर्वींच विरून गेल्याचें हें चित्र कोणत्याही कारागिराचें मन हेलावून टाकील असें आहे.

यापुढची कामगिरी चित्रपटानें केली. पॉल वेलमन याच्या कादंबरीवरून १९५२ सालीं ‘द आयर्न मिस्ट्रेस’ हा चित्रपट निघाला, आणि त्यांत ॲलन लॅड यानें बोवीची भूमिका केली. त्या चित्रपटांत ब्लॅक हा आकाशांतून पडलेल्या उल्केचा तुकडा पोलादांत मिसळून सुरी घडवितो. उल्केची गोष्ट कल्पित. सुरीचा घाटही स्टुडिओच्या कलावंतांचा. परंतु तें मोठें पातें, ती आंत वळलेली पाठ आणि ती आडवी पट्टी प्रेक्षकांच्या मनावर अशी ठसली कीं, पुढें बोवी म्हटलें म्हणजे हीच आकृति डोळ्यांसमोर येऊं लागली. रेझिनचें पत्र अभ्यासकांच्या टेबलावर राहिलें. पडद्यावरची सुरी घरोघर पोंचली.

तीस वर्षांनीं हीच गोष्ट पुन्हां घडली. १९८२ सालच्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटांत सिल्व्हेस्टर स्टॅलोन यानें रॅम्बो नांवाच्या सैनिकाची भूमिका केली. व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेला हा सैनिक अरण्यांत एकटा सांपडतो; त्याच्याजवळ असते ती एक सुरी. ती घडविली होती आर्कान्सॉमधील रसेलव्हिल गांवच्या जिमी लाइल यानें. ज्या संस्थानांत ब्लॅकची भट्टी होती, त्याच संस्थानांत ही सुरी जन्मली, हा योगायोग मोठा रमणीय आहे. तिच्या पाठीवर करवतीसारखे दांते, मूठ आंतून पोकळ, मुठीच्या टोपणांत होकायंत्र, आणि पोकळींत काड्या, सुई, दोरा. प्रेक्षक जें पाहतो तें असें: सर्वस्व गमावलेल्या माणसाजवळ उरलेलें एकच साधन, त्यानेंच तो शिकार करतो, निवारा उभारतो आणि जखम शिवतो. सुरीचें आकर्षण तिच्या धारेंत नसून या स्वावलंबनाच्या स्वप्नांत आहे. १९८५ च्या दुसऱ्या चित्रपटाची सुरीही लाइलचीच. १९८८ च्या तिसऱ्या चित्रपटासाठीं गिल हिबेन यानें भव्य पात्याची बोवीच दिली. मधल्या १९८६ सालीं ‘क्रॉकोडाइल डंडी’ या ऑस्ट्रेलियन विनोदी चित्रपटांत नायक न्यूयॉर्कच्या एका लुटारूच्या लहान चाकूला आपल्या प्रचंड सुरीच्या दर्शनानेंच लाजवितो. बोवीचा घाट असा समुद्र ओलांडून, हास्याचा विषय होऊन घरीं परतला.

जाणत्या कारागिरांनीं मात्र या सुऱ्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें. पाठीवरचे दांते ही केवळ शोभा नव्हे. अमेरिकन वैमानिकांच्या सुरीस ते पडलेल्या विमानाचा पत्रा कापून बाहेर पडतां यावें म्हणून दिले होते. पण लांकूड कापावयास ते फारसे उपयोगी नाहींत. पोकळ मुठींत पात्याचा भाग शेवटपर्यंत नेतां येत नाहीं. त्यामुळें जेथें पातें मुठीस मिळतें, तेथेंच सुरी दुबळी राहण्याचा संभव असतो. लाइलसारख्या निष्णात माणसाची जोडणी टिकली. परंतु चित्रपटाच्या यशानंतर बाजारांत आलेल्या स्वस्त नकलांच्या मुठी पहिल्याच जोरकस घावाला ढिल्या होत. त्या शोभेच्याच वस्तु ठरल्या.

येथेंच संग्राहकाची खरी परीक्षा सुरू होते. एका चित्रपटासाठीं बहुधा एकाच सुरीच्या अनेक प्रती करतात. जवळून दाखवावयाची पोलादी असते. झटापटींत वापरावयाची बोथट असते. उडी मारतांना कमरेस असणारी रबराची असते. यांतील प्रत्यक्ष पडद्यावर आलेली प्रत सर्वांत मोलाची. त्याखालीं, त्याच कारागिरानें त्याच काळांत केलेल्या क्रमांकित प्रती. त्याखालीं परवान्यानें निघालेली कारखान्याची नक्कल. आणि सर्वांच्या आसपास घोटाळणारी, जाणूनबुजून जुनी केलेली बनावट वस्तु. तिन्ही खऱ्या प्रकारांतील पोलादाची किंमत कदाचित् सारखीच असेल; फरक पडतो तो पुराव्यानें. म्हणून चांगला संग्राहक कारागिराचें पत्र मागतो, विक्रीची परंपरा तपासतो, आणि चित्रपटाचें एकेक चित्र थांबवून पात्यावरचा ओरखडा हातांतील सुरीवरच्या ओरखड्याशीं ताडून पाहतो. जुन्या बोवी सुऱ्यांविषयीं हीच दृष्टि ठेवून नॉर्मन फ्लेडरमन यानें २००४ सालीं एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि अनेक आवडत्या दंतकथांची कसून झडती घेतली. कथेनें भुरळ पडते. परंतु ज्याला कथा आणि पुरावा यांतील अंतर कळलें, तोच संग्राहक. बाकीचे नुसते गिऱ्हाईक.

संग्राहकाच्या छंदावर समाजाचाही अंकुश असतो, आणि तो असावा. टेक्सासांत, म्हणजे आलामो जेथें उभा आहे त्याच संस्थानांत, बोवी सुरी बाळगून फिरण्यास बंदी होती. ती १ सप्टेंबर २०१७ रोजीं बव्हंशीं उठली. इंग्लंडांत उलट घडलें. भयपटांच्या छापाच्या दांतेरी सुऱ्या तरुणांच्या हातीं जाऊं लागल्या, तेव्हां हिंसेस चिथावणी देणारे शब्द वा चित्रें असलेल्या अशा सुऱ्यांवर २०१६ सालीं बंदी आली, आणि २४ सप्टेंबर २०२४ पासून ती आणखी व्यापक झाली. ज्या देशाच्या शेफील्डनें एके काळीं आवेशाचीं वाक्यें कोरून सुऱ्या परदेशीं धाडल्या, त्याच देशास पात्यावरचे शब्द कायद्यानें पुसावे लागले! भारतांतही १९६२ च्या शस्त्रनियमांनीं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाच्या वगळून, शस्त्रांच्या वर्गांत घातल्या. रेझिन बोवीची सुरी पाव इंचाच्या फरकानें त्या वर्गांत पडली असती.

मग या सर्व खटाटोपांतून हातीं काय लागलें? एक गोष्ट निश्चित लागली. यंत्रयुगांत हातानें पोलाद ठोकून सुरी घडविणारा लोहार दुर्मिळ होत चालला होता. अमेरिकेंतील विल्यम मोरन याच्यासारख्या थोड्या कारागिरांनीं ती विद्या जिवंत ठेवली. १९७३ सालीं त्यानें अनेक थर एकजीव केलेल्या दमास्कस पद्धतीच्या पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनांत मांडल्या, आणि १९७६ सालीं अशा लोहारांची एक संस्था स्थापन झाली. चित्रपटांनीं जागृत केलेल्या जिज्ञासेमुळें या मंडळींस गिऱ्हाईक मिळालें, आणि विद्यार्थीही मिळाले. त्यांची परीक्षा मोठी कडक असते. विद्यार्थ्यानें घडविलेल्या सुरीनें लोंबता एक इंची दोर एका घावांत तोडावा लागतो. मग इमारती लांकडाची जाड फळी दोनदां तोडावी लागते. एवढें झाल्यावरही त्याच धारेनें हातावरची लव साफ व्हावी लागते. आणि शेवटीं पातें काटकोनांत वांकवूनही मोडतां कामा नये. या परीक्षेंत कथेला स्थान नाहीं. पोलाद आणि हात यांचीच साक्ष चालते.

या संस्थेनें १९८८ सालीं आपली शाळा काढली ती आर्कान्सॉमधील त्याच वॉशिंग्टन गांवीं, जेथें ब्लॅकची भट्टी होती. आंधळ्या लोहाराला आपलें गुपित सांगतां आलें नाहीं. त्याच गांवीं नव्या पिढीच्या हाताखालीं ऐरण वाजूं लागली, आणि तेथें मात्र पोलादास पाणी कसें द्यावें हें येईल त्याला शिकविलें जाऊं लागलें.