तारेचा कायदा आणि आकाशातले इंटरनेट

नकाशावर नागपूर आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या जवळून जाते. त्या रेषेवरून उडणाऱ्या विमानाचा वैमानिक जमिनीशी बोलू शकत होता. मागे बसलेल्या प्रवाशाला मात्र अगदी अलीकडेपर्यंत साधा ईमेलही पाठवता येत नसे. याचे कारण यंत्रात नव्हते, कायद्यात होते. हा धागा त्या कायद्याचा.

विदर्भाचे आकाश आणि निरोप यांचे नाते जुने आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. पुढे 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र ठरले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या चार कोपऱ्यांतली पत्रे एका रात्रीत नागपुरात गाठ घेत. निरोप विमानातून जात होते. विमानातल्या माणसाला मात्र निरोप पाठवता येत नव्हता.

कारण 1885 चा भारतीय तार कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतर कोणालाही परवाना घ्यावा लागे. कायदा घडला तेव्हा विमानाचा शोधही लागलेला नव्हता. पण ‘तार’ या शब्दाची व्याख्या पुढे रुंदावत गेली, तिच्यात बिनतारी लहरीही आल्या आणि 1933 च्या बिनतारी कायद्याने असे यंत्र बाळगण्यावरही बंधन आणले. परकीय राजवटीला आपल्या हद्दीतला प्रत्येक संदेश आपल्या नजरेखालून जावा असे वाटत होते. स्वतंत्र भारतानेही ती चौकट फारशी हलवली नाही. सुरक्षेची चिंता खरी होती, हे मान्य करायला हवे. पण परवान्याचा मार्गच तयार न केल्यामुळे सारे आकाश मुके राहिले.

जग थांबले नव्हते. 2004 मध्ये बोइंगच्या ‘कनेक्शन’ सेवेमार्फत लुफ्तान्साच्या विमानात प्रवाशांना इंटरनेट मिळाले. खर्च पेलवला नाही आणि 2006 अखेर ती सेवा बंद पडली. वाट मात्र मोकळी झाली होती. नंतरच्या वर्षांत परदेशी विमाने वायफाय घेऊन भारताकडे येत आणि भारतीय हद्दीत शिरताच ते बंद करत.

सर्वांत जास्त अडचण होती ती लहान बिझनेस जेटची. मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. असे कारखाने कंपनीच्या मुख्यालयापासून शेकडो किलोमीटर दूर असतात आणि भाड्याच्या जेटचा धंदा अशाच अंतरांवर उभा आहे. वेळ वाचवण्यासाठी विमान घ्यायचे आणि हवेतले दोन तास कार्यालयाशी संबंध तोडून बसायचे, असा हा उफराटा व्यवहार. तांत्रिक अडचणही होती: मोठ्या विमानाच्या पाठीवर अँटेनाचा उंचवटा सहज मावतो, लहान जेटवर मावत नाही. म्हणून सुमारे 30 सेंटिमीटरची तबकडी शेपटीच्या टोकावर, आवरणाखाली बसवण्याची युक्ती निघाली. इन्मारसॅटची ‘जेट कनेक्स’ सेवा 2016 मध्ये अशाच तबकड्यांवर सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे 1971 मध्ये भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, त्याच्या तबकडीचा व्यास सुमारे 30 मीटर होता. शंभरपट फरक, तोही अर्ध्या शतकाच्या आत!

अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी 2018 मध्ये शिफारशी केल्या आणि 14 डिसेंबर 2018 रोजी नियम अधिसूचित झाले. गंमत अशी की हे नियमही त्याच 1885 च्या कायद्याखाली निघाले. परवान्याचे वार्षिक शुल्क 1 रुपया. अटी मात्र वजनदार: विमान किमान 3000 मीटर उंचीवर हवे, आणि भारतीय आकाशातील संदेश भारतातल्याच भूकेंद्रातून गेले पाहिजेत. म्हणजे मुकुटबनवरून जाणाऱ्या प्रवाशाने नागपूरला संदेश धाडला, तर तो आधी सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाणार, तिथून देशातल्या भूकेंद्रात उतरणार आणि मग नागपूर गाठणार. वळसा लांबचा, पण संदेशावर नजर ठेवण्याचा जुना आग्रह त्यातून सांभाळला गेला.

फेब्रुवारी 2020 मध्ये विमान नियमांतही बदल झाला आणि प्रवाशांना वायफाय वापरू देण्याचा अधिकार वैमानिकाला मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विस्ताराच्या ड्रीमलायनरमध्ये ही सेवा आली, भारतीय विमान कंपन्यांत पहिली. तिच्यामागे पॅनासोनिक एव्हिऑनिक्ससोबत होती नवी मुंबईतील नेल्को, म्हणजे टाटा समूहाचीच कंपनी. टाटांचे टपाल आकाशात गेल्याला तेव्हा 88 वर्षे होत आली होती. 2021 मध्ये बीएसएनएलला परवाना मिळाला आणि इन्मारसॅटची सेवा गाझियाबादच्या भूकेंद्रातून देण्याचा मार्ग खुला झाला.

1885 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याची काही कलमे 26 जून 2024 पासून लागू झाली. नोव्हेंबर 2024 मधील दुरुस्तीने तर वायफायसाठी 3000 मीटरच्या अटीचा अडसर दूर केला: विमानात इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्याची परवानगी असेल तेव्हा वायफाय देता येते. हैदराबादहून येणारे जेट मुकुटबनवर असते तेव्हा नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर उरलेले असते. तिथून पुढे विमान उतरू लागते आणि उपकरणे वापरण्याची परवानगी असेतोवर वायफाय चालू राहू शकते.