पदवी चालेल, पंगत नाही

विद्यापीठाच्या पदवीधर स्त्रियांची मंडळं हा विषय निघाला की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. महिन्यातून एक सभा, पाहुण्या वक्त्याचं भाषण, आभार, मग चहा आणि केक. वर्षातून एकदा जुन्या पुस्तकांची विक्री, त्यातून एखाद्या होतकरू मुलीला शिष्यवृत्ती. इतिहासकारांनीही या मंडळांकडे फारसं पाहिलं नाही. चहाच्या कपात कसला आलाय इतिहास! पण वॉशिंग्टन शहरातल्या अशाच एका मंडळाचं भांडण १९४६ साली सुरू झालं, ते कोर्टात गेलं, आणि त्याचा कायदेशीर मुद्दा काहीही असला तरी मूळ मुद्दा एवढाच होता की चहाच्या टेबलाशी कोण बसणार. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी आधी बॉस्टनला जायला हवं, पासष्ट वर्षं मागे.

२८ नोव्हेंबर १८८१ रोजी बॉस्टनमध्ये सतरा तरुण स्त्रिया एकत्र जमल्या. सगळ्या पदवीधर, मिळून आठ कॉलेजांतल्या. त्यांना एकत्र आणण्यात पुढाकार होता मॅरियन टॅलबट हिचा. ती वर्षभरापूर्वीच बॉस्टन विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि आता पुढे काय, हा प्रश्न तिच्यापुढे होता. शिक्षण झालं, पण त्या शिक्षणाचं करायचं काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. तिच्याबरोबर होत्या एलन स्वॅलो रिचर्ड्स. बॉस्टनच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. १८७३ साली त्यांनी तिथून रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. जानेवारी १८८२ मध्ये या मंडळाची रीतसर स्थापना झाली. नाव ठेवलं 'असोसिएशन ऑफ कॉलेजिएट ॲलम्नी'. सभासद होण्याची अट एकच: मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी. सुरुवातीच्या यादीत आठ कॉलेजं होती: ओबरलिन, व्हॅसर, स्मिथ, वेल्सली, कॉर्नेल, बॉस्टन, मिशिगन आणि विस्कॉन्सिन. यातलं ओबरलिन हे नाव लक्षात ठेवा.

या मंडळानं पहिलं मोठं काम हाती घेतलं ते एका पुस्तकाला उत्तर देण्याचं. १८७३ साली एडवर्ड क्लार्क या बॉस्टनच्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं होतं. हार्वर्डच्या वैद्यकशाळेत प्राध्यापक राहिलेला माणूस, त्यामुळे शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं असं, की वयात येणाऱ्या मुलीनं मुलांसारखा कसून अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते, आणि तिची प्रकृती, विशेषतः आई होण्याची क्षमता, कायमची बिघडते. पुराव्यादाखल त्यांच्या दवाखान्यात आलेल्या मोजक्या मुलींच्या हकिगती होत्या. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

असला युक्तिवाद मराठी वाचकाला नवा नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल, आपली हुजूरपागा, निघाली तेव्हा मुलींना कोणते विषय शिकवावेत आणि किती वेळ शिकवावेत यावर आपल्याकडची वर्तमानपत्रंही पेटली होती. आणि हा केवळ योगायोगानं जुळणारा धागा नाही. त्याच वर्षांत आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंच्या शाळेला मदत करण्यासाठी मंडळ स्थापन झालं ते बॉस्टनमध्येच. सुशिक्षित स्त्रियांनी जमून सभा घ्यायची, वर्गणी काढायची आणि काम उभं करायचं, ही रीत त्या शहरात तेव्हा रुळत होती.

क्लार्कना उत्तर म्हणून या पदवीधर बायकांनी निषेधाचा ठराव केला नाही. त्यांनी प्रश्नावली तयार केली. देशभरातल्या १,२९० पदवीधर स्त्रियांना ती पाठवली. ७०५ जणींची उत्तरं आली. कॉलेजला जाण्याआधी प्रकृती कशी होती, शिकताना कशी होती, आता कशी आहे, लग्न झालं का, मुलं किती, ती कशी आहेत. आकडेमोड मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कामगार-सांख्यिकी खात्याकडून करून घेतली, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. १८८५ साली अहवाल छापून आला. तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर स्त्रियांची प्रकृती चांगली होती. क्लार्कांकडे हकिगती होत्या, यांच्याकडे तक्ते होते.

याच सुमाराला मंडळातल्या काही जणींनी घराच्या आरोग्याचा अभ्यासगट काढला. गटारांचे पाईप, हवा खेळती आहे की नाही, पाणी कुठून येतं, हे सगळं प्रत्यक्ष तपासायचं, टिपून घ्यायचं. त्यातून १८८७ साली रिचर्ड्स आणि टॅलबट यांनी संपादित केलेलं गृहस्वच्छतेवरचं पुस्तक निघालं. चहापानाची बैठक आणि प्रयोगशाळा यांत या बायकांना अंतर वाटत नव्हतं.

पुढची चाळीस वर्षं हे मंडळ वाढत गेलं. गावोगावी शाखा निघाल्या. शाखा म्हणजे दिवाणखान्यातल्या सभा, वाचनमंडळं, दुपारची जेवणं आणि शिष्यवृत्तीसाठी निधी. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलींना १८९० पासून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९२१ साली दक्षिणेकडच्या राज्यांतली अशीच संघटना यात मिसळली आणि नाव झालं 'अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन'. त्याच वर्षी अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून मारी क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, त्या निधीतही या पदवीधर स्त्रियांचा वाटा होता. १९३३ नंतर नाझी जर्मनीत ज्यू प्राध्यापिकांच्या नोकऱ्या गेल्या, तिथल्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेची दारंही त्यांना बंद झाली. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या भगिनी-संघटनांनी त्यांच्यासाठी पैसे जमवले, राहायची सोय केली, कामं शोधली.

इतका उजळ इतिहास सांगितल्यावर आता वॉशिंग्टनला येऊ.

मेरी चर्च टेरेल यांचा जन्म १८६३ सालचा, मेम्फिसचा. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडिलांनी पुढे मोठी संपत्ती कमावली. मेरी ओबरलिनला शिकल्या. तिथं मुलींसाठी दोन वर्षांचा सोपा अभ्यासक्रम होता. तो सोडून त्यांनी मुलांसाठीचा, ग्रीक-लॅटिनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतला आणि १८८४ साली पदवी मिळवली. वॉशिंग्टनला त्या शिक्षिका झाल्या, १८९५ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळावर आल्या. १८९६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९०४ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्यांनी जर्मन भाषेत भाषण केलं.

वॉशिंग्टन तेव्हा काळ्या-गोऱ्यांत वाटलेलं शहर होतं. शाळा वेगळ्या, नाट्यगृहं वेगळी. म्हणून १९१० साली टेरेल, डॉक्टर सारा विनिफ्रेड ब्राउन आणि आणखी काही जणींनी आपलं स्वतःचं 'कॉलेज ॲलम्नी क्लब' काढलं. तिथंही सभा, भाषणं, चहा आणि शिष्यवृत्त्या. १९२० च्या दशकात त्यातूनच कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांची देशव्यापी संघटना उभी राहिली. टेरेलबाईंच्याच वर्षी ओबरलिनहून पदवीधर झालेल्या अ‍ॅना ज्युलिया कूपर याच शहरात शिकवत होत्या. साठी उलटल्यावर, १९२५ मध्ये, त्यांनी पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. म्हणजे एकाच शहरात पदवीधर स्त्रियांची दोन मंडळं, दोन्हींचा कार्यक्रम जवळपास एकच, आणि मध्ये एक भिंत.

१९४६ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, टेरेलबाईंनी त्या भिंतीवर टकटक केली. गोऱ्या स्त्रियांच्या मंडळाच्या वॉशिंग्टन शाखेकडे त्यांनी सभासदत्वाचा अर्ज केला. अट काय होती? मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी. ओबरलिन तर पहिल्या आठांतलं. साठ वर्षांहून जुनी पदवी, तीही त्या कॉलेजची जे मंडळाच्या पायाभरणीला होतं. शाखेनं अर्ज नाकारला.

राष्ट्रीय कार्यकारिणीनं शाखेला बजावलं की पदवी हीच एकमेव अट आहे, रंगाची अट आपल्याकडे नाही. शाखा ऐकेना. शाखेचं क्लब होतं. तिथं फक्त व्याख्यानं होत नसत, जेवणं होत, पाहुणे येत. एखाद्या कृष्णवर्णीय बाईचं भाषण ऐकायला कोणाची हरकत नव्हती. तिच्या शेजारी बसून जेवायला होती. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात, आणि तो समजावून सांगायची गरज मराठी माणसाला नाही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये कोण चहा प्यायलं आणि कोण नाही प्यायलं, यावरून केवढं रामायण झालं, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या चर्चेला सामोरं जावं लागलं. ज्ञान कोणाकडूनही घ्यावं; चहा मात्र कोणाबरोबर प्यायचा ते बघून प्यावा!

राष्ट्रीय संघटनेनं शाखेला काढून टाकण्याची तयारी केली, तेव्हा शाखाच कोर्टात गेली. १९४८ साली निकाल शाखेच्या बाजूनं लागला आणि १९४९ मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम केला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: संघटनेच्या नियमांत पदवीधर स्त्री सभासद होण्यास पात्र आहे एवढंच म्हटलं आहे, शाखेनं तिला घेतलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? स्थापनेपासून सगळ्यांनी जे गृहीत धरलं होतं, ते कागदावर नव्हतं.

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी क्लार्कना तक्त्यांनी उत्तर दिलं, त्यांनी स्वतःच्या नियमावलीत एक मोठी जागा कोरी सोडली होती. 'आमच्यात भेदभाव नाही' असं म्हणणं सोपं असतं, कारण ते कुठं लिहून द्यावं लागत नाही. चांगल्या माणसांच्या संस्थांमध्ये हे वारंवार घडतं. आपला हेतू चांगला आहे, याची सगळ्यांना इतकी खात्री असते की दार कोणासाठी उघडं आहे हे पाटीवर लिहायचं राहून जातं. मग एक दिवस कोणीतरी दार वाजवतं आणि आतल्या माणसांना आपली खरी मतं कळतात.

संघटनेनं मात्र पळवाट काढली नाही. जून १९४९ मध्ये सिअ‍ॅटलच्या अधिवेशनात नियम बदलण्याचा ठराव आला आणि प्रचंड बहुमतानं मंजूर झाला: पदवी सोडून दुसरी कोणतीही कसोटी शाखांना लावता येणार नाही. वॉशिंग्टन शाखेतल्या बहुसंख्य बायका बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळं क्लब काढलं. ज्यांना हा भेद मान्य नव्हता अशा सभासदांनी नवी शाखा उभी केली आणि टेरेलबाई तिच्या सभासद झाल्या. यात राष्ट्रीय संघटनेनं जुनी सभासदं गमावली, पैसा आणि जुने स्नेहसंबंध गमावले. या निर्णयाचं मोल त्यातच आहे. फुकटात घेतलेली भूमिका कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

टेरेलबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. वॉशिंग्टनमध्ये १८७२ आणि १८७३ साली केलेले दोन जुने कायदे सापडले होते. सभ्य वर्तन असलेल्या कोणत्याही गिऱ्हाईकाला खाणावळीनं वर्ण बघून नाकारू नये, असं त्यांत म्हटलं होतं. रद्द कोणी केले नव्हते. सगळे विसरले होते. १९५० च्या सुरुवातीला टेरेलबाई काही सहकाऱ्यांबरोबर शहरातल्या थॉम्प्सन नावाच्या खाणावळीत गेल्या. जेवण मिळालं नाही. त्यांनी खटला भरायला लावला, आणि तो चालू असताना हातात काठी घेऊन दुकानांसमोर निदर्शनं केली. ८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कायदे आजही लागू आहेत असा एकमतानं निकाल दिला. काही दिवसांतच त्या पुन्हा त्याच खाणावळीत गेल्या आणि या वेळी जेवल्या. जुलै १९५४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या.

दोन्ही लढायांत मागणी एकच होती: शेजारी बसून जेवण्याची. आणि दोन्ही वेळा उत्तर कागदावर शोधावं लागलं. एका ठिकाणी नियम लिहिलाच नव्हता, तो लिहून घ्यावा लागला. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेला होता, तो शोधून काढावा लागला.

म्हणून आपल्या गावातल्या एखाद्या महिला मंडळाची, माजी विद्यार्थिनी संघाची जुनी इतिवृत्तं हाताशी आली तर ती रद्दीत टाकू नयेत. कोणत्या सभेला किती जणी होत्या, कोणाच्या घरी चहा झाला, कोणाचा अर्ज पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला आणि मग त्याचा उल्लेख पुन्हा कुठंच आला नाही, हे सगळं तिथं असतं. भाषणं बहुतेक सगळीकडे सारखीच असतात. मंडळाचा खरा इतिहास पंगतीच्या यादीत सापडतो.