मालेगावची ‘कुत्ता गोली’ : पॅनिक डिसऑर्डरचे औषध शरीरात काय करते?

मालेगावात पोलीस अधूनमधून ‘कुत्ता गोली’चा साठा पकडतात. बातमीत ‘नशेच्या गोळ्या’ एवढाच उल्लेख येतो. ही गोळी बहुतेक वेळा अल्प्राझोलॅम असते, म्हणजे पॅनिक डिसऑर्डरवर मानसोपचारतज्ज्ञ देतात तेच औषध.

पॅनिकच्या झटक्यात काही मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, श्वास कोंडतो. आता आपण मरणार असे वाटते. ईसीजी मात्र नॉर्मल येतो. (पहिल्यांदा असा त्रास झाला तर तो काढलाच पाहिजे.) हृदय, घाम, पचन आणि रक्तदाब सांभाळते ती स्वायत्त मज्जासंस्था. तिचा अनुकंपी भाग संकटात शरीर पळायला तयार करतो, परानुकंपी भाग ते शांत करतो. झटक्यात संकट नसताना पहिला भाग जोरात सुरू होतो.

अल्प्राझोलॅम हृदयावर थेट काम करत नाही. मेंदूतील ‘गाबा’ नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम ते वाढवते. त्यामुळे अमिग्डाला आणि लोकस सेरुलियस ही धोक्याची घंटा वाजवणारी केंद्रे मंदावतात आणि धडधड साधारण अर्ध्या-एक तासात उतरते.

अडचण इथूनच सुरू होते. रोज घेतल्यास काही आठवड्यांत मेंदूला गोळीची सवय लागते. ती अचानक बंद केली की लगाम सुटतो : नाडी वाढते, रक्तदाब चढतो, घाम येतो, झोप उडते, काहींना फिट येते. हा त्रास हुबेहूब पॅनिकसारखा असतो. आजारच परतला असे समजून माणूस पुन्हा गोळी घेतो. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करतात. दारू किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधासोबत ही गोळी घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

दीर्घ उपचारासाठी सहसा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम अशी औषधे देतात. गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढू शकते, मळमळ होते, घाम येतो. ही औषधे सेरोटोनिनवर काम करतात आणि शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते, त्यामुळे पोट बिघडणे नवलाचे नाही. अनेकजण नेमक्या याच दिवसांत औषध सोडतात. प्रोप्रॅनोलॉल हृदयावरचे बीटा ग्राहक रोखून धडधड कमी करते, पण मूळ भीती तशीच राहते. दम्याच्या रुग्णांना ते सहसा देत नाहीत.

अल्प्राझोलॅम ‘शेड्यूल एच1’मध्ये येते. चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी आहे आणि दुकानदाराला डॉक्टर व रुग्णाच्या नावाची नोंद 3 वर्षे ठेवावी लागते. मानसिक त्रासाबाबत मोफत सल्ल्यासाठी टेलि-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास सुरू असते.