शेतसाऱ्याची तारीख आणि सुप्याची होळी

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे, म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले सुपे. त्या दिवशी गावचा बाजार होता. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने घेरली. त्यांनी वह्या, खते, रोखे, गहाणखते बाहेर ओढून काढली आणि भर बाजारात पेटवून दिली. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, आगीही लागल्या. जीवितहानी मात्र नगण्य होती. जमावाला माणसे नको होती, कागद हवे होते. #थ्रेड

इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदली गेली. सावकारांच्या जुलुमाविरुद्धचा उठाव, असे तिचे वर्णन बहुधा केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुळात शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जात होता तो कशासाठी? लग्नकार्य, बैलजोडी, बियाणे ही कारणे होतीच. पण दरवर्षी, चुकवता न येणाऱ्या मुहूर्तावर, एक कारण ठरलेले असे: सरकारी साऱ्याचा हप्ता.

थोडे मागे जावे लागेल. पेशवाईतही सारा होता, आणि तो हलका होता असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत. परंतु साऱ्याची घासाघीस गाव आणि सरकार यांच्यात होई. पाटील गावाच्या वतीने बोले, दुष्काळात सूट मागे, तगाई मागे, प्रसंगी गावाच्या नावावर कर्जही काढी. ओझे भारी असले तरी ते उचलायला खांदे अनेक होते.

१८१८ नंतर कंपनी सरकारने रयतवारी आणली. प्रत्येक शेतकऱ्याचे स्वतंत्र खाते झाले, शेताला नंबर मिळाला, नंबराला आकार ठरला. रॉबर्ट प्रिंगल यांची पहिली जमाबंदी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापूरपासून आरंभ करून नवी मोजणी केली आणि तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. पाटलाच्या मर्जीतून रयत सुटली, हा या व्यवस्थेचा खरा गुण. परंतु ती एकटीही पडली. आता सरकारपुढे गाव उभे नव्हते, एकेक खातेदार उभा होता.

आणि सारा रुपयांत द्यायचा होता, तोही नेमलेल्या तारखेला.

इंदापूर, भीमथडी, शिरूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. खरिपाची बाजरी दिवाळीच्या सुमारास हाती येणार, रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात. पाऊस लांबला की दोन्ही लांबणार किंवा बुडणार. शेतकऱ्याची मिळकत मणांत, तीही निसर्गाच्या सवडीने. देणे मात्र रुपयांत आणि कॅलेंडरप्रमाणे. सगळ्या गावाचे धान्य एकाच पंधरवड्यात बाजारात आले म्हणजे भाव कोसळे. चार महिने थांबले तर चांगला भाव मिळे, पण हप्ता चार महिने थांबत नसे.

अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? वाटा मोजक्याच होत्या. उभे पीक किंवा खळ्यावरचे धान्य मिळेल त्या भावाने विकणे. बैल किंवा बायकोचे दागिने काढणे. शेताचा राजीनामा देऊन नंबर सोडून देणे. रयतवारीत ती मुभा होती, पण पोटाचे काय? किंवा मग सावकार. बहुतेकांनी हीच शेवटची वाट धरली. सावकार सारा भरी आणि रक्कम कुळाच्या नावे मांडी. पुढे खळ्यावरून धान्य त्याच्याच घरी जाई, त्याच्याच मापाने आणि त्याच्याच भावाने. सरकारची वसुली वेळेवर होई, कलेक्टराचा अहवाल चांगला दिसे. या सुरळीतपणाचा खर्च कोणाच्या वहीत मांडला जात होता, हे महसुली अहवालांत दिसत नसे.

याच काळात कायद्यांनी एक विचित्र खेळ केला. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. कंपनीच्या १८२७ च्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यात व्याजाला शेकडा १२ ची मर्यादाही घातली होती. १८५५ मध्ये व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. त्यानुसार साध्या खतावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागे. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. जुनीपुराणी देणी उकरून कोणी कोर्टात जाऊ नये, व्याज साचत राहू नये.

झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल. समजा, १०० रुपयांचे खत आहे आणि व्याज शेकडा २५. फेड काहीच झाली नाही तर तीन वर्षांनी १७५. नवे खत १७५ चे. सहाव्या वर्षअखेर ३०६. पुन्हा नवे खत; नवव्या वर्षअखेर ५३६. दामदुपटीने जे देणे २०० वर थांबायला हवे, ते पाचशेपार गेले. शिवाय कागदावर प्रत्येक खत नवे कोरे, प्रत्येक मुद्दल ‘रोख पावले’. दंग्यांनंतरच्या चौकशी आयोगापुढे १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते. शेतकऱ्याला अक्षरओळख नसे. आपण कशावर निशाणी करतो आहोत, हे त्याला सावकारच सांगे. कोर्टातले कितीतरी दावे तर एकतर्फीच निकालात निघत, कारण प्रतिवादी हजरच नसे.

तरीही १८६० चे दशक बरे गेले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. त्याच सुमारास पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग याच तालुक्यांतून गेला आणि मजुरीचा पैसा गावात आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला. नेमक्या त्याच वेळी इंदापुरापासून तीस वर्षांच्या मुदती संपू लागल्या. फेरमोजणीत आकार पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढले. दर ठरवताना तेजीचे भाव पाहिले गेले, ते भरण्याची वेळ मंदीत आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला. सरकारने १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातली: तालुक्याला ३३, गावाला ६६ आणि एका खात्याला १०० टक्के. मर्यादा घातल्यावरही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता, हे या सवलतीचे स्वरूप.

यानंतरचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण सुप्याची होळी समजायची तर तोच महत्त्वाचा.

तोवर सारा थकला की शेतकऱ्याच्या जमिनीवर टाच येई. ती जमीन सावकाराचे तारण असे, म्हणून तारण वाचवण्यासाठी सावकार स्वतःच सारा भरून टाकी. सरकारने आता हुकूम काढला की थकबाकीसाठी आधी जंगम मालमत्ता जप्त करावी, ती अपुरी पडली तरच जमिनीला हात लावावा. शेतकऱ्याची जमीन वाचावी हा उद्देश. पण सावकाराने हिशोब ओळखला. जमिनीला धोका नाही, तर सारा आपण का भरावा? १८७५ च्या आरंभी या भागातल्या अनेक सावकारांनी कुळांना सांगून टाकले की यंदा हप्ता तुमचा तुम्ही भरा. आता जप्ती येणार ती भांडी, गुरे आणि घरातल्या दाण्यांवर. खळ्यावरचे पीक ज्याने आधीच उचलले होते, त्यानेच तारखेच्या तोंडावर हात वर केले.

वर्षानुवर्षे चालत आलेला एक अलिखित करार मोडला होता. व्याज जाचक, मापे खोटी, खते फसवी. तरी हप्त्याच्या दिवशी हा माणूस उभा राहतो, एवढ्यावर सगळे सहन केले जात होते. राग व्याजाचा होता, पण स्फोट झाला तो हा आधार सुटल्यावर, असे म्हणायला जागा आहे.

ठिणगी शिरूर तालुक्यातल्या करडे गावी आधीच पडली होती. १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांच्या घराचे सामान काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कोणी कसेना, घरकाम कोणी करीना. बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. मेमध्ये सुपे पेटले आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावे. पोलीस आले, लष्कर आले, ९५१ जणांना अटक झाली. जिथे सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली, तिथे त्याला सहसा त्रास झाला नाही.

आयोगाने अहवाल दिला, पण त्यावर कायदा होण्याआधी १८७६ ते ७८ चा महादुष्काळ आला. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा मुंबई इलाख्याच्या इतिहासातला मोठा टप्पा ठरला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. खते गावनिबंधकापुढेच करावीत, पावती द्यावी, असे नियम आले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि पैसे फेडले की जमीन परत देऊ, असे तोंडी सांगू लागले. खताच्या पाठीमागे जाणाऱ्या न्यायाधीशालाही तोंडी वचन सापडणे अवघड होते.

सरकारच्या बाजूचे गणित मात्र जागेवरच राहिले. त्याच १८७९ सालच्या मुंबई जमीन महसूल कायद्याने, सारा भरेपर्यंत पीक कापू किंवा हलवू न देण्याचा अधिकार कलेक्टराला दिला. म्हणजे पैसे उभे करण्याचे जे एकमेव साधन, तेच पैसे भरेपर्यंत बंद. पिकाची आणेवारी पाहून वसुली तहकूब करण्याचे नियम इलाख्यात रुळायला विसावे शतक उजाडावे लागले. पीक चार आण्यांहून कमी आले की पुरा सारा तहकूब, असा तो नियम. पण आणे मोजणार महसूल खात्याचाच माणूस. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९१८ साली शेतकरी म्हणाले पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणाले जास्त आहे. आणि त्या वादावर गांधीजी व वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली हजारो खातेदारांनी हप्ता न भरण्याची प्रतिज्ञा घेतली.