चांद्याचा उठाव व जमीनदारी पोलीस व्यवस्था

विदर्भाच्या आग्नेय भागातील पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात (विद्यमान चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) १८५८ साली गोंड जमीनदारांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हे त्याचे प्रमुख नेते होत. त्यांपैकी घोट हे गाव सध्याच्या चामोर्शी तालुक्यात मोडते. मुलखाच्या बंदोबस्ताची जबाबदारी परंपरेने ज्यांच्याकडे होती, त्याच वर्गातून बंडाचे नेतृत्व पुढे आले. त्यामुळे हा उठाव १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा एक उपकथाभाग असला, तरी ग्रामीण पोलीस व्यवस्थेच्या इतिहासातही त्यास स्वतंत्र महत्त्व आहे.

प्रदेश व जमीनदारी : वैनगंगेच्या पूर्वेस चामोर्शीपासून बस्तरच्या सीमेपर्यंत साग, बांबू व मोह यांची दाट अरण्ये, तुरळक वस्ती आणि गोंड-माडिया समाज असा हा मुलूख आहे. चामोर्शी व जवळचे मार्कंडा हे तीर्थक्षेत्र नदीकाठच्या शेतीच्या पट्ट्यात येतात. त्यांच्या पूर्वेस व दक्षिणेस जमीनदारी टापू सुरू होई. चांद्याच्या गोंड राजांनी सीमावर्ती अरण्यप्रदेश निरनिराळ्या सरदारांकडे सोपविला होता. जिल्ह्यात अशा सु. वीस जमीनदाऱ्या होत्या. त्यांत अहेरी सर्वांत मोठी व मानाने पहिली असून गिलगाव, पावीमुरांडा, पोटेगाव इ. लहान जमीनदाऱ्या चामोर्शी-गडचिरोली परिसरात होत्या.

जमीनदार मध्यवर्ती सत्तेस टाकोळी नावाची अल्प खंडणी देत असे. त्या बदल्यात घाटवाटांवर पहारा ठेवणे, प्रवासी व व्यापारी यांना संरक्षण देणे, चोरी-दरोड्याचा माग काढणे आणि प्रसंगी माणसांनिशी हजर होणे ही त्याची कर्तव्ये होती. वनोपज, मोहाची दारू व जकात यांचे उत्पन्न त्याच्याकडे राही. त्याचे शिपाई हे बहुधा त्याच्याच नात्यागोत्यातील वा गावातील असत. महसूल, न्याय व पोलीस ही तिन्ही कामे एकाच हाती असत. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य आपल्या अंमलाखाली आणले, तरी जमीनदारी मुलखाच्या अंतर्गत कारभारात त्यांनी फारसा हस्तक्षेप केला नाही.

अशांततेची पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींनी वैनगंगेचे खोरे त्रस्त झाले. आप्पासाहेब भोसले व इंग्रज यांच्या संघर्षात मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यानंतर तिसऱ्या रघूजीच्या अज्ञानपणात रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या देखरेखीखाली काही वर्षे राज्यकारभार चालला. या काळातही जमीनदारांचे पारंपरिक अधिकार मोडण्यापेक्षा त्यांच्यामार्फत बंदोबस्त राखणे हेच धोरण सोयीचे मानले गेले. कारण अरण्यातील वाटा, पाणवठे व माणसे यांची माहिती त्यांच्यावाचून इतरांस नव्हती.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरा रघूजी औरस वारस न ठेवता मृत्यू पावला आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. चांद्यास ब्रिटिश डेप्युटी कमिशनर नेमण्यात आला. दूर असलेल्या व मोजक्या मागण्या करणाऱ्या सत्तेच्या जागी कागदोपत्री हिशेब मागणारी, हक्कांची चौकशी करणारी सत्ता आली. जमीनदारांचा दर्जा, त्यांचे न्यायाचे व पोलिसी अधिकार हे आता वंशपरंपरागत हक्क राहिले नव्हते. ते सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहणार, अशी चिन्हे दिसू लागली. जून १८५७ मध्ये नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळाचा उठावाचा बेत फसला व बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले. त्यामुळे नागपुरात शांतता राहिली. चांद्याच्या अरण्यात मात्र असंतोष धुमसत राहिला.

उठावाचा क्रम : बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुण आणि रोहिले यांची फौज उभारली व मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर हल्ला केला. व्यंकटराव आपल्या माणसांसह त्यांना येऊन मिळाले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने चांद्याहून फौज पाठविली. नांदगाव-घोसरी येथे तिच्याशी चकमक झाली. त्यानंतर उठावकऱ्यांनी डोंगराळ भागाचा आश्रय घेतला. एप्रिलमध्ये सगणापूर व बामनपेट येथे लढाया झाल्या. उघड्या मैदानात बंदुकांपुढे टिकाव लागत नसला, तरी डोंगर व अरण्य यांच्या आधाराने छापे घालण्याची पद्धत सरकारी तुकड्यांना जेरीस आणणारी ठरली.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथील तारायंत्र खात्याच्या तळावर उठावकऱ्यांनी हल्ला केला. त्यात गार्टलंड व हॉल हे कर्मचारी ठार झाले. पीटर हा तिसरा निसटला. तारेची ओळ ही नव्या राज्ययंत्रणेची डोळस बाजू होती. चांद्याच्या अरण्यात घडलेली गोष्ट दूरच्या अधिकाऱ्यास तत्काळ कळावी, हा तिचा उद्देश होता. या घटनेनंतर उठावाचे दमन हा सरकारच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला.

दमन : केवळ फौजेच्या बळावर अरण्यातील नेते हाती लागणार नाहीत, हे ओळखून क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. जमीनदाराने आपल्या हद्दीतील गुन्हेगार पकडून द्यावा, हे जुने कर्तव्य त्यांस बजावण्यात आले. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी जुलैमध्ये बस्तर हद्दीतील भोपालपट्टणम् येथे बाबूरावांना पकडले. परंतु ते निसटले. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा पकडले गेले. चांदा येथे खटला चालवून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. व्यंकटराव बस्तरमध्ये आश्रयास गेले होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली व त्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली. अडपल्ली व घोट जमीनदारीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

या बक्षिसाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. बंदोबस्ताची परंपरागत जबाबदारी एका जमीनदाराने पार पाडली, म्हणून दुसऱ्या जमीनदाराची गावे तिला देण्यात आली. उठाव मोडण्यासाठी सरकारने जी यंत्रणा वापरली, ती नवी नव्हती. ज्या यंत्रणेवर विश्वास ठेवता येत नाही असे उठावाने दाखवून दिले, तीच होती. लक्ष्मीबाईंच्या निर्णयाकडे केवळ फितुरी म्हणून पाहिले जाते. तथापि अहेरी राखायची की गमवायची हा पेच त्यांच्यापुढे होता, हेही विसरता येत नाही.

नवी पोलीस व्यवस्था : या प्रश्नाचे एक उत्तर त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकास, आयर्लंडमध्ये शोधले गेले होते. तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्हाइटबॉइज व पुढे १८२१-२४ या काळात कॅप्टन रॉक या कल्पित नायकाच्या नावाने वावरणाऱ्या गुप्त टोळ्यांनी भारी खंड, कुळांची हकालपट्टी आणि चर्चचा दशमांश कर यांविरुद्ध रात्रीचे हल्ले चालविले. स्थानिक जमीनदार-दंडाधिकारी व त्यांचे शिपाई यांच्याकडून बंदोबस्त होईना, तेव्हा रॉबर्ट पील याने १८१४ मध्ये खास पोलीस दल उभारले. १८२२ च्या कायद्याने परगणावार पोलीस दले स्थापन झाली आणि १८३६ मध्ये ती एका महानिरीक्षकाच्या हाताखाली आणण्यात आली. ही दले सशस्त्र व बराकीत राहणारी असून स्थानिक जमीनदारांपेक्षा मध्यवर्ती सत्तेस जबाबदार होती. सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियर याने १८४३ मध्ये याच धर्तीवर तेथे पोलीस दल उभारले. १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने त्याचे अनुकरण केले. १८६० च्या पोलीस आयोगाच्या शिफारशींनुसार १८६१ चा पाचवा अधिनियम संमत झाला.

दोन्ही प्रदेशांतील साम्य मात्र मर्यादित आहे. आयर्लंडमध्ये कुळे जमीनदाराविरुद्ध उठली होती. चांद्यात जमीनदारच उठावाचा नेता होता व त्याची रयत त्याच्या मागे उभी होती. म्हणून तेथे पोलीस दल जमीनदाराच्या संरक्षणार्थ आले, तर येथे ते जमीनदाराच्या अधिकारास छेद देत आले.

नोव्हेंबर १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन चांदा त्यात समाविष्ट झाला. जमीनदारांच्या हक्कांची चौकशी होऊन त्यांना सनदा देण्यात आल्या व त्यांचे पोलिसी अधिकार क्रमाक्रमाने कमी होत गेले. १८६० मध्ये निजामाकडून मिळालेला सिरोंचाचा मुलूख १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला, त्यामुळे प्राणहितेच्या खोऱ्यातील सरहद्दीचा प्रश्नही बदलला. खेड्यात मुकद्दम व कोतवाल यांच्यावर गुन्ह्याची वर्दी देण्याची जबाबदारी राहिली. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी अरण्यावरील पूर्वापार हक्क आकुंचित झाले. त्यामुळे पूर्वी जमीनदाराच्या शिपायाशी येणारा ग्रामस्थांचा संबंध आता पोलीस व वनरक्षक या दोन परक्या अधिकाऱ्यांशी येऊ लागला.

मूल्यमापन : उठावाची बहुतेक लिखित माहिती ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अहवालांतून व गॅझेटियरांतून आलेली आहे. त्यांत उठावकऱ्यांचा उल्लेख लुटारू असा येतो. गोंड समाजाच्या लोकस्मृतीत मात्र बाबूराव हे वीरपुरुष असून त्यांच्या अलौकिक सामर्थ्याच्या कथा रूढ आहेत. ते जमीनदार म्हणून आपला वर्गहक्क राखण्यासाठी लढले, की परकी सत्ता घालविण्यासाठी, असा काटेकोर भेद त्या काळाच्या संदर्भात करता येत नाही. कारण मुलखाचा बंदोबस्त आपल्या हाती असणे हेच तेथील स्वातंत्र्याचे व्यवहारातील रूप होते. उठाव अल्पकाळ टिकला, त्याचे क्षेत्र मर्यादित राहिले आणि इतर जमीनदारांची साथ मिळाली नाही, ही त्याच्या अपयशाची मुख्य कारणे होत.

जमीनदाऱ्या १९५१ मध्ये मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलन कायद्याने संपुष्टात आल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला व चामोर्शी, घोट, अहेरी हा परिसर त्यात गेला. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये बाबूराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.