जुन्या मोटारीतील झिजलेला क्लच : लक्षणे आणि उपाययोजना

मारुती ८०० या मोटारीचे उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबले. अँबॅसडर मोटारीचे उत्पादनही २०१४ मध्येच बंद झाले. मात्र या पिढीतील अनेक मोटारी देशाच्या विविध भागांत अद्याप वापरात आहेत. अशा मोटारींमध्ये वापरानुसार हमखास झिजणारा भाग म्हणजे क्लच. घाटात तो निकामी झाल्यास चढणीवर मोटार पुढे सरकत नाही आणि उतारावर वेग आवरण्यासाठी इंजिनाची मदत मिळत नाही. त्यामुळे त्याची लक्षणे वेळीच ओळखणे आवश्यक ठरते.

क्लच प्लेट ही इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंवरील लायनिंगच्या घर्षणामुळे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंगमुळे ही पकड सुटते. लायनिंग झिजल्यावर किंवा त्यावर तेल गळल्यावर पकड सैल होते व क्लच घसरू लागतो.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, परंतु मोटारीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हे घसरण्याचे प्रमुख लक्षण होय. वरच्या गिअरमध्ये, चढणीवर किंवा मोटार भरलेली असताना ते प्रथम जाणवते. त्यानंतर जळका वास येऊ लागतो आणि इंधनाचा खप वाढतो. याउलट, पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडत असल्यास क्लच पूर्णपणे सुटत नाही, असे समजावे. केवळ पेडल दाबल्यावर येणारा घरघर आवाज बहुधा रिलीज बेअरिंग झिजल्याचे सूचित करतो.

खात्री करण्यासाठी मोकळ्या, सपाट जागेत चाकांना अडण लावून हँडब्रेक घट्ट ओढावा. मोटारीच्या पुढे-मागे कोणीही उभे नसावे. तिसरा किंवा चौथा गिअर टाकून पेडल सावकाश सोडावे. क्लच सुस्थितीत असल्यास इंजिन बंद पडते. ते चालूच राहिल्यास क्लच घसरत आहे, हे स्पष्ट होते. या चाचणीने क्लच तापतो, म्हणून ती वारंवार करू नये.

तथापि, प्रत्येक वेळी प्लेट बदलावी लागतेच असे नाही. मारुती ८०० सारख्या केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये लायनिंग झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ती पूर्णपणे नाहीशी झाल्यास बेअरिंगचा दाब कायम राहतो आणि चांगली प्लेटदेखील घसरू लागते. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी, वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील मापानुसार केबलची जुळवणी करून घ्यावी. त्यानंतरही क्लच घसरत असेल, तर दुरुस्ती अटळ समजावी.

दुरुस्ती होईपर्यंत मोटारीत अधिक भार घेऊ नये आणि घाटातील प्रवास टाळावा. पेडलवर पाय टेकवून ठेवू नये. सिग्नलवर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. चढावर मोटार अर्ध्या क्लचवर रोखून न धरता हँडब्रेकचा वापर करावा. जळका वास आल्यास सुरक्षित ठिकाणी थांबून क्लच थंड होऊ द्यावा. उतारावर न्यूट्रलमध्ये मोटार सोडणे धोकादायक आहे. झिजलेल्या क्लचमुळे इंजिनाचा रोध आधीच कमी झालेला असतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो.

क्लच बदलताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलणे हिताचे असते. कारण यापैकी कोणताही भाग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो व मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर चरे किंवा तापल्याचे निळसर डाग आहेत का, तसेच तेलगळती होत आहे का, हेही तपासून घ्यावे. गळती कायम राहिल्यास नवी प्लेटही लवकरच खराब होते. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

घसरणाऱ्या क्लचवर मोटार दीर्घकाळ चालवल्यास फ्लायव्हीलचेही नुकसान होते. त्यामुळे पहिले लक्षण दिसताच केलेली तपासणी तुलनेने कमी खर्चाची आणि अधिक सुरक्षित ठरते.